पडद्यावरची यादी

उपाहारगृहांत भिंतीवर टांगलेला फळा आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. त्यावर पस्तीस-चाळीस पदार्थांचीं नांवें लिहिलेलीं असतात. नेहमींचें गिऱ्हाईक त्या फळ्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. तें खुर्चीवर बसतें आणि "नेहमींचें" एवढाच शब्द उच्चारतें. नवखा मनुष्य मात्र पहिल्या नांवापासून वाचीत जातो, मध्येंच विसरतो, पुन्हां वर जातो, आणि शेवटीं शेजारच्या टेबलावर जें दिसेल तेंच मागवितो. श्रोतेहो, आज मला ज्या यादीविषयीं आपल्याशीं बोलावयाचें आहे ती उपाहारगृहांतली नव्हे. संगणकाच्या पडद्यावरची आहे. परंतु तिलाहि मेनू असेंच म्हणतात, आणि तिच्यापुढें बसलेल्या माणसाची स्थितीहि पुष्कळशी तशीच असते.

लिनक्स हें नांव आतां बऱ्याच घरांतून ऐकूं येतें. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं जिचा गाभा प्रसिद्ध केला आणि जगांतील हजारों लोकांनीं जी पुढें वाढविली, अशी ही संगणक चालविणारी प्रणाली आहे. ती विनामूल्य मिळते व जुन्या यंत्रावरहि चालते. म्हणूनच ती घरांत शिरते ती बहुधा मागील दारानें. विंडोज ७ या प्रणालीची निर्मात्यांकडून होणारी देखभाल जानेवारी २०२० मध्यें थांबली, यंत्र तर धडधाकट, मग घरांतला एकादा पुतण्या किंवा भाचा म्हणतो, "टाकूं नका, यावर मी लिनक्स घालून देतों." आमच्या मावशीच्या घरीं तो भाचा मी होतों.

मावशी तेव्हां एकूणऐंशी वर्षांची होती. तिनें बत्तीस वर्षें शाळेंत मराठी आणि भूगोल शिकविला. तेव्हां नवी गोष्ट तिला समजणार नाहीं असें मानण्याचें कांहींच कारण नव्हतें. मीं सर्व सिद्धता केली व खालच्या कोपऱ्यांतील बटण दाबून तिला यादी उघडून दाखविली. साठाहून अधिक नांवें एकदम उभीं राहिलीं. मावशीनें चष्मा नीट केला, तीं सावकाश वाचलीं, आणि म्हणाली, "अरे, हें घर आहे कीं वाण्याचें दुकान? गिंप म्हणजे काय? थंडरबर्ड म्हणजे काय? यांतल्या कोणत्या नांवावरून तें काय काम करतें हें कळतें, तें तूंच सांग." मजजवळ उत्तर नव्हतें. गिंप हें चित्रें दुरुस्त करण्याचें साधन आहे आणि थंडरबर्ड टपालाचें, हें नांव ऐकून कोणालाहि सुचणार नाहीं. आपण रोज वापरतों म्हणून आपल्याला त्यांतला वेडेपणा दिसत नाहीं, इतकेंच.

परंतु ही यादी बदलतां येते. तींतलीं नांवें बदलतां येतात, नको तीं झांकतां येतात, हवीं तशीं एकत्र आणतां येतात. आणि त्यासाठीं यंत्रविद्येची पदवी लागत नाहीं. यादी कशाची बनलेली असते एवढें मात्र समजून घ्यावें लागतें.

मोठ्या ग्रंथालयांत आपण पुस्तक मागतों तेव्हां प्रथम कपाटाकडे जात नाहीं; लहानलहान खणांतून लावून ठेवलेलीं कार्डें चाळतों. कार्डावर पुस्तकाचें नांव, विषय आणि तें कोठें ठेवलें आहे याची खूण असते. कार्ड म्हणजे पुस्तक नव्हे. कार्ड हरवलें म्हणून पुस्तक नाहींसें होत नाहीं, आणि कार्डावरचें नांव खोडून दुसरें लिहिलें तरी पुस्तकांतील एकहि ओळ बदलत नाहीं. संगणकाच्या यादींतील प्रत्येक नांव हें असेंच एक कार्ड आहे. खरी आज्ञावली, म्हणजे काम करणारा भाग, दुसरीकडेच असतो. हें कार्ड म्हणजे साध्या अक्षरांत लिहिलेली एक छोटी फाईल होय. तिच्या नांवाच्या शेवटीं टिंब देऊन 'डेस्कटॉप' हा शब्द जोडलेला असतो. आपण तिला चिठ्ठी म्हणूं.

पूर्वीं ही सोय नव्हती. लिनक्सच्या पडद्याची मांडणी करणाऱ्या व्यवस्था एक नव्हे, अनेक आहेत. मथायस एट्रिश यांनीं ऑक्टोबर १९९६ मध्यें केडीईची घोषणा केली; मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना यांनीं ऑगस्ट १९९७ मध्यें ग्नोमचा आरंभ केला; शिवाय लहानसहान व्यवस्था कितीतरी. प्रत्येकीची यादी लिहिण्याची तऱ्हा निराळी. त्यामुळें एकीकडे बसविलेली आज्ञावली दुसरीच्या यादींत दिसावी कशी, हा प्रश्नच होता. २००० सालीं हेवॉक पेनिंग्टन यांनीं फ्रीडेस्कटॉप या नांवानें एक सामाईक व्यासपीठ उभें केलें, आणि तेथें चिठ्ठीचा एकच नमुना ठरला. प्रतिस्पर्धी म्हणविणाऱ्या मंडळींनीं आपापला हट्ट सोडून एका नमुन्यावर यावें, ही गोष्ट मला आजहि मोठी वाटते. तिचा प्रत्यक्ष लाभ असा, कीं मी आज जें सांगणार आहें तें आपल्या घरीं कोणतीहि व्यवस्था असली तरी बहुतेक सारखेंच लागू पडेल.

या चिठ्ठ्या दोन ठिकाणीं राहतात. एक ठिकाण सर्वांचें, दुसरें आपलें स्वतःचें. सर्वांचें ठिकाण म्हणजे 'यूएसआर' या मुख्य कप्प्यांतील 'शेअर', आणि त्यांतील 'अ‍ॅप्लिकेशन्स'. नवी आज्ञावली बसविली कीं तिची चिठ्ठी येथें येऊन पडते. येथें सामान्य माणसाला हात घालण्याची परवानगी नसते, आणि ती नाहीं हेंच चांगलें. आपलें ठिकाण आपल्या घरच्या कप्प्यांत असतें: 'लोकल' नांवाचा उपकप्पा, त्यांत 'शेअर', त्यांत 'अ‍ॅप्लिकेशन्स'. या 'लोकल'च्या नांवापूर्वीं एक टिंब असतें, आणि आरंभीं टिंब असलेली वस्तु लिनक्समध्यें झांकून ठेवलेली असते. फाईली दाखविणाऱ्या खिडकींत कंट्रोल व एच या दोन कळा एकदम दाबल्या, कीं बहुतेक ठिकाणीं अशा झांकलेल्या वस्तु दिसूं लागतात.

आतां सर्व मर्म एका नियमांत आहे. एकाच नांवाची चिठ्ठी दोन्हीं ठिकाणीं असेल, तर आपल्या ठिकाणची चिठ्ठी मानली जाते. सार्वजनिक चिठ्ठी तिच्यामागें झांकली जाते. म्हणून करावयाचें तें इतकेंच: हवी ती चिठ्ठी सार्वजनिक कप्प्यांतून उचलून आपल्या कप्प्यांत तिची प्रत करावी, आणि प्रतींत बदल करावा. मूळ चिठ्ठीस धक्का लागत नाहीं. त्याच संगणकावर दुसऱ्या नांवानें प्रवेश करणाऱ्या घरांतील इतर माणसांच्या यादींतहि फरक पडत नाहीं. मात्र प्रतीच्या फाईलचें नांव मुळाप्रमाणेंच अक्षरशः ठेवलें पाहिजे. तें बदललें तर संगणक तिला निराळी चिठ्ठी समजतो आणि यादींत एकाच आज्ञावलीचीं दोन नांवें दिसूं लागतात. माझ्याकडून पहिल्या दिवशीं हेंच झालें होतें.

चिठ्ठी उघडून पाहिली, कीं तींत काय असतें? पहिल्या ओळींत चौकटी कंसांत तिचें शीर्षक. त्याखालीं एकेक ओळ. डावीकडे गुणधर्माचें नांव, मध्यें बरोबरचें चिन्ह, उजवीकडे त्याचें मूल्य. सर्व शब्द रोमन लिपींत असतात, आणि लहानमोठ्या अक्षरांचा भेद कटाक्षानें पाळावा लागतो. 'नेम' म्हणजे यादींत दिसणारें नांव. 'कॉमेंट' म्हणजे एका वाक्यांतला खुलासा. 'आयकॉन' म्हणजे शेजारचें चित्र. 'एक्झेक' म्हणजे टिचकी मारल्यावर जी आज्ञा सुटते ती. हिच्या शेवटीं पुष्कळदां टक्क्याचें चिन्ह व त्यापुढें एकादें अक्षर दिसतें. तें निरुपयोगी समजून खोडूं नये. आपण एकाद्या फाईलवर टिचकी मारतों तेव्हां त्या फाईलचा पत्ता त्या जागीं भरला जातो. तें अक्षर गेलें, तर ती फाईल नीट उघडेलच याची खात्री राहत नाहीं. आणखी एक गोष्ट: कांहीं चिठ्ठ्यांत खालीं दुसरीं शीर्षकें असतात, आणि त्यांखालीं पुन्हां 'नेम' व 'एक्झेक' येतात. फायरफॉक्सच्या चिठ्ठींत नवी खिडकी उघडण्याची जोडकामें अशींच लिहिलेलीं असतात. आपल्याला बहुधा पहिल्या शीर्षकाखालचा भागच बदलावयाचा असतो.

मराठी घरांसाठीं येथें एक खोंच आहे, आणि ती माहीत नसल्यामुळें माझा एक तास वायां गेला. मावशीचा पडदा मीं मराठींत करून दिला होता. मग 'नेम'पुढचें नांव बदललें, फाईल जपून ठेवली, यादी उघडली, तों जुनेंच नांव! कारण असें, कीं चिठ्ठींत अनेक भाषांतील नांवें शेजारीं शेजारीं लिहिण्याची सोय आहे. 'नेम' या शब्दाला लागून चौकटी कंसांत भाषेची खूण घालतात. मराठीची खूण रोमन एम आणि आर हीं दोन लहान अक्षरें. पडदा मराठींत असेल आणि तशी ओळ चिठ्ठींत असेल, तर संगणक तीच ओळ वाचतो, नुसत्या 'नेम'कडे पाहतच नाहीं. तेव्हां बदल करावयाचा तो त्या ओळींत. ती नसेल तर आपण घालावी. नांव देवनागरींत खुशाल लिहावें. चिठ्ठी तें मुकाट्यानें स्वीकारते.

नांव काय द्यावें हा प्रश्न मला सोपा वाटला होता. लिब्रेऑफिस रायटर या लेखनाच्या आज्ञावलीला मीं 'पत्रलेखन' असें नांव दिलें. म्हातारी माणसें पत्रें लिहितात, हें मीं गृहीत धरलें होतें. मावशीनें तें वाचलें आणि विचारलें, "मी पत्रें लिहितें असें तुला कोणी सांगितलें?"

"मग काय लिहितेस?"

"आठवणी लिहितें आहे. दोन वह्या भरल्या. हात दुखतो म्हणून तर हें यंत्र हवें होतें."

दोन वह्या भरल्या होत्या, आणि आमच्या घरांत कोणालाहि त्याचा पत्ता नव्हता! मीं चिठ्ठी पुन्हां उघडली आणि तिनें सांगितलें तसें 'वही' असें नांव लिहिलें. त्यानंतर एकहि नांव मीं तिला विचारल्याखेरीज दिलें नाहीं. टपालाला 'टपाल', फायरफॉक्सला 'वर्तमानपत्र', कारण तिच्या लेखीं त्याचा उपयोग तेवढाच. शास्त्रशुद्ध नांवें देण्याचा मोह आपणां शिकलेल्या माणसांना फार असतो. यादी ज्याची, शब्द त्याचे असावेत.

आतां नको तीं नांवें झांकण्याविषयीं. येथें दोन गुणधर्म आहेत. दिसावयास जुळे, स्वभावानें अगदीं भिन्न. एक 'नोडिस्प्ले' आणि दुसरा 'हिडन'. दोहोंपुढें 'ट्रू' हा शब्द लहान अक्षरांत लिहिला कीं तें नांव यादींतून जातें. पहिल्याचा अर्थ: ही आज्ञावली आहे, फक्त यादींत दाखवूं नका. दुसऱ्याचा अर्थ: ही चिठ्ठी काढून टाकली आहे असें समजा. नांवावरून पाहतां 'हिडन' म्हणजे झांकलेलें, तेव्हां झांकण्यासाठीं तोच योग्य असें कोणालाहि वाटेल. मलाहि वाटलें.

फोटो दाखविणारी आज्ञावली यादींत कशाला हवी, असा मीं विचार केला. फोटो पाहावयाचे तर कप्पा उघडून फोटोवरच टिचकी मारतात. विचार बरोबर होता. मीं तिच्या चिठ्ठींत 'हिडन' लिहिलें हें चुकलें. कोणती फाईल कोणत्या आज्ञावलीनें उघडावी, हेंहि संगणक या चिठ्ठ्यांवरूनच ठरवितो. चिठ्ठी 'नाहीं' झाल्याबरोबर फोटो उघडण्याचें काम त्यानें पुढच्या उमेदवाराकडे सोंपविलें. तो निघाला गिंप! त्याच आठवड्यांत मावशीच्या नातवाला परदेशीं मुलगी झाली आणि तिचे पहिले फोटो आले. मावशीनें टिचकी मारली. मोठ्या विलंबानें एक काळसर खिडकी उघडली, बाजूला कात्र्या-कुंचले, आणि मध्यें तें मूल. आपला हात लागून फोटो खराब होईल, या भीतीनें तिनें ती खिडकी घाईघाईनें बंद केली आणि पुढें आठ दिवस कोणताहि फोटो उघडला नाहीं. मला सांगितलेंहि नाहीं. मी सहज गेलों तेव्हां शेजारणीला म्हणत होती, "पणती झाली, पण अजून मीं तिला नीट पाहिलेली नाहीं." एक शब्द बदलून तेथें 'नोडिस्प्ले' लिहावयास मला अर्धें मिनिटहि लागलें नाहीं. याचा 'एन' आणि मधला 'डी' हीं अक्षरें मोठीं, आणि मध्यें जागा सोडावयाची नाहीं, एवढें ध्यानांत ठेवावें.

गटांविषयीं थोडक्यांत सांगतों. यादींत 'कार्यालय', 'चित्रें', 'इंटरनेट' असे जे गट दिसतात, ते 'कॅटेगरीज' या ओळीवरून पडतात. तींतील शब्द ठरलेले आहेत. ऑफिस, ग्राफिक्स, नेटवर्क, एज्युकेशन, गेम, सेटिंग्ज, सिस्टिम, युटिलिटी हे त्यांपैकीं मुख्य. प्रत्येक शब्दानंतर अर्धविराम देतात, शेवटच्यानंतरहि. येथें मनचा शब्द घातला तर त्या नांवाचा गट आपोआप तयार होत नाहीं. ती आज्ञावली 'इतर' गटांत जाऊन पडते, आणि केडीईमध्यें ज्या गटांत पडते त्याचें इंग्रजी नांव 'हरवलें-सांपडलें' अशा अर्थाचें आहे, हें मला फार आवडतें. नवा गटच करावयाचा असेल, उदाहरणार्थ 'मुलांसाठीं', तर चिठ्ठ्यांखेरीज गटांच्या रचनेची एक निराळी फाईल लिहावी लागते. ती हातानें लिहिण्याच्या भरीस आपण पडूं नये. त्यासाठीं तयार साधनें आहेत.

केडीईमध्यें यादीच्या बटणावर उजवी टिचकी मारली कीं यादी बदलण्याचें साधन मिळतें; त्याचें नांव केमेनूएडिट. एक्सएफसीईसारख्या व्यवस्थांत मेनूलिब्रे उपयोगी पडतें, माटेमध्यें मोझो. ग्नोमसाठीं फार दिवसांपासून एक साधन आहे, त्याचें नांव आलाकार्ट. उपाहारगृहांत ठराविक ताट न घेतां यादींतून एकेक पदार्थ निवडून मागविणें, या अर्थाचा हा फ्रेंच शब्द आहे. ग्नोमनें मात्र २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून गटवार उघडणारी जुनी यादी सोडून चित्रांची मांडणी स्वीकारली. तेथें गट पाडावयाचे ते एक चित्र दुसऱ्यावर ओढून. नांवें बदलणें व झांकणें हें चिठ्ठ्यांनींच होतें. हीं सर्व साधनें आंतून आपण आतां पाहिलें तेंच करतात: आपल्या कप्प्यांत प्रत ठेवतात आणि तींत बदल करतात. असें असतां हातानें करण्याची पद्धति मीं आधीं सांगितली; कारण साधन अडलें तर कोठें पाहावयाचें तें माणसाला ठाऊक असावें.

एक सावधगिरी. प्रत केली कीं ती आपल्या जबाबदारीची झाली. पुढें आज्ञावलीची नवी आवृत्ति आली, तर सार्वजनिक चिठ्ठी सुधारते, आपली प्रत जुनीच राहते. क्वचित् नव्या आवृत्तींत आज्ञेचें नांवच बदललेलें असतें. मग टिचकी मारली तरी कांहींच घडत नाहीं, आणि दोष यंत्राला दिला जातो. अशा वेळीं प्रथम आपली प्रत पाहावी. तसेंच, फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या पद्धतींनीं बसविलेल्या आज्ञावलींच्या मूळ चिठ्ठ्या वर सांगितलेल्या सार्वजनिक कप्प्यांत सांपडत नाहींत. त्या 'व्हीएआर' या मुख्य कप्प्याच्या 'लिब' विभागांत, त्या त्या पद्धतीच्या नांवाखालीं असतात. आपल्या कप्प्यांतील प्रतीचा नियम त्यांनाहि तसाच लागू आहे.

आणि केलेलें सर्व मोडून पूर्ववत् करावयाचें असेल तर? आपल्या कप्प्यांतील प्रत काढून टाकावी. तिच्यामागें झांकलेली मूळ चिठ्ठी पुन्हां पुढें येते. ही गोष्ट मीं मावशीला दाखवून ठेवली होती, तिनें ती वहींत लिहूनहि घेतली होती, आणि मी ती विसरून गेलों होतों. मावशीच्या यादींत मीं सात नांवें ठेवलीं होतीं. परवां गेलों तेव्हां आठ होतीं. आठवें नांव पत्त्यांच्या डावाचें. म्हाताऱ्या माणसाला खेळ काय करावयाचे, म्हणून सगळे खेळ मीं झांकले होते. तिनें कप्पा उघडून, टिंबाची झांकलेली जागा शोधून, त्या एका चिठ्ठीची प्रत काढून टाकली होती. "तूं मला विचारलें नाहींस," ती म्हणाली, आणि डाव पुढें चालू केला.